डेडेआंटी रडल्या नाहीत

४ मार्च
डेडेआंटी रडल्या नाहीत! सगळं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. एकदाही नाही.

सर गेले, त्यांच्या गावी कुमासीला भली मोठी अंत्ययात्रा झाली, आणि तिची फिल्म जोडायचं काम माझ्याकडे आलं. येणारच होतं. बाजारात खपवायचे सिनेमे आम्ही दोघांनी एकाच खोलीत बसून कापले. एकेका गोष्टीचे ओढूनताणून दोन-दोन भाग केले. पुढे सरांनीच मला फिल्म संस्थेत शिक्षिका म्हणून ओढलं. आता त्यांची बायको शवपेटीशी उभी आहे, काळं नेसून, आणि डोळे कोरडेठाक. असं कसं?

६ मार्च
नाना अडोमाकोंचा फोन. हे सरांचे मामा, घराण्याचे प्रमुख. आम्हा अशांटींत माणूस आईच्या घराण्याचा, बायको शेवटपर्यंत परकीच. त्यातून आंटी गा जमातीच्या! महिनाअखेरीला घराणं जमणार, फिल्म बघणार, आणि आक्राच्या घराचं काय करायचं ते ठरवणार.

"सेरवा पोरी," नाना म्हणाले, "पेटीशी उभी राहून रडली नाही ती बाई. हिनेच तर काही केलं नाही ना, असं लोक मला विचारतात. तिला त्या घरात ठेवू कशाला?"

विधवेला घर मिळावं असा कायदा आहे, पण नानांच्या अंगणात तो शिरत नाही. आंटींची काळजी वाटते. रागही येतो — थोडं रडायला काय झालं होतं?

७ मार्च
वर्गात जुनाच धडा. एकच चेहरा — आधी सूपची वाटी दाखवली की भुकेला वाटतो, शवपेटी दाखवली की दुःखी. सर हे फार रंगवून सांगायचे. अक्यांपॉन्गने विचारलं, मॅडम, मग हे खोटं बोलणं नाही का? मी म्हटलं, नाही. आणि दुसराच विषय काढला.

११ मार्च
काही सुचत नाही.

१३ मार्च
सापडलं! पाहुण्यांच्या बसेस अंगणात शिरतात, लाल धुळीचा लोट उठतो, आंटी डोळे चोळतात आणि गालांवर घळाघळा पाणी. नुसतं तोंड दिसतं, मागचं काही नाही. ते पेटीनंतर लावलं. बघताना मलाच खरं वाटलं.

सरांनी पाठ थोपटली असती की कान उपटला असता? मला खरंच कळत नाही. न राहवून आंटींना फोन केला, विचारलं, का नाही रडलात? म्हणाल्या, "तू तुझं काम कर."

२९ मार्च
कुमासी. पडद्यावर आंटी रडल्या आणि बायका हळहळल्या. नानांनी खांद्यावरच्या वस्त्राच्या टोकाने डोळे पुसले. घर आंटींकडेच राहिलं! सुटले मी. मग एवढं ओशाळल्यासारखं का होतंय? आंटींनी पूर्ण वेळ माझ्याकडे पाहिलं नाही. कदाचित थकल्या असतील.

३१ मार्च
सकाळी आंटी घरी आल्या. तळलेले मासे आणि मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे केंके घेऊन. म्हणाल्या, ती धूळ मी ओळखली, पण घर वाचलं, तुझे उपकार आहेत. मग खुर्ची ओढून बसल्या.

"कॅमेरावाल्याने मला सगळं आधीच दाखवलं होतं, सेरवा. पेटीला कवटाळून तू रडत होतीस. स्वतःला कापलंस आणि बरोब्बर तिथे माझं तोंड लावलंस."

मी मासे ताटलीत काढायला लागले.

"मी रडायलाच पुढे आले होते गं. पण माझ्या जागेवर तू आधीच रडत होतीस."