रुखमाकाकूची लाईट संपेपर्यंत

अड्याळ,
१२ नोव्हेंबर २०१६

प्रिय संघपालदादास,
भावनाचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही दोघी मजेत आहोत. धान कापून झालं, मळणी बाकी आहे. आई तुझी आठवण काढते.

हे एवढं आईने सांगितलेलं. पुढचं माझं. फोनवर बोलले असते, पण फोन लागला की ती कानाशी येऊन बसते.

आईच्या पोटातल्या गाठीला नागपुरात लाईट लावली होती, आठवतं ना? रेडिएशनला गावाने ठेवलेलं हे नाव. ती बरी झाली आणि आपलं घर अर्धा दवाखाना झालं. लाईटला घाबरलेल्या बायांना लोक तिच्याकडे आणतात. ती दार लोटते, पोटावर निशाणीसाठी गोंदलेले निळे ठिपके दाखवते आणि म्हणते, "पाह्य, मी मेलो का?" तेवढ्यावर कितीतरी जणी नागपूरला गेल्या.

उन्हाळ्यापासून तिचे पाय सुजतात. भंडाऱ्याला दाखवलं. दोन्ही किडन्या आक्रसल्यात. तेव्हा गाठीजवळच असल्याने त्यांनाही लाईट लागली होती. आतल्या बारीक नसा दुखावल्या, शरीर वर्षानुवर्षं ती जखम भरत राहिलं आणि भाजल्यावर कातडी टणक होते तसा व्रण आत पसरत गेला. व्रणाला रक्त गाळता येत नाही. मी विचारलं, मग लाईट लावली हे चुकलं का? डॉक्टर म्हणाले, नसती लावली तर त्या आज इथे आल्याच नसत्या. आता डायलिसिस करायचं, तेही लगेच.

आई नाही म्हणते.

कारण शेजारची रुखमाकाकू. तिच्या स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं, आता लाईट सांगितली आहे. ती तयारच नव्हती, आईनेच तयार केलं. डायलिसिसला जायचं म्हणजे एसटी, आणि एसटीत अर्धं अड्याळ; काकूला कळणारच. मी समजावलं, काकूला लाईट छातीवर लागणार, किडनी त्या वाटेत येतच नाही. आईने ऐकून घेतलं.

"हे तुले समजते. रुखमाले कोण समजावन? ते एवढंच पाहीन, विमलानं लाईट घेतली अन् विमलाचं असं झालं. घरीच बसून मरन ते. तिची लाईट संपू दे, मंग तू म्हणशीन तिथं येतो."

"अन् तोवर तुले काही झालं तं?"

"तं ताप आला होता म्हणजो."

राग येतो रे तिचा. पण तिचं चुकतंय असंही मला म्हणता येत नाही.

काल काकू लाईटसाठी नागपूरला निघाली. आई स्टँडवर आली, तुझी जुनी चप्पल घालून, कारण तिच्या चपलेत आता पाय मावत नाहीत. गाडी लागल्यावर काकूने माझा हात धरला. "पोरी, तू खोटं नाही बोलत. तुह्या मायले काही तरास तं नाही ना?"

आई मागून माझ्याकडे पाहत होती.

"नाही काकू," मी म्हटलं. "ठणठणीत हाये."

काकू गाडीत चढली.

दादा, ये. ती तुझंही ऐकेल असं वाटत नाही, पण एकटीने हे पाहवत नाही. गावात कोणी विचारलं तर मळणीला आलो म्हण.

आत्ता आई म्हणाली, काय लिहिलं ते वाच. मी वरच्या तीन ओळी वाचल्या. म्हणाली, "बस, तेवढंच पायजे."

तिच्यासमोर पाकीट बंद करणारी,
तुझी भावना