उंदरांची पोटं

३ मार्च
चष्मेवाली आज दवाखान्यात आली! एके काळी माझ्या हाताखाली टाके घालताना थरथरायची, म्हणून प्रयोगशाळेत पळाली. आता मला शिकवते! ऑपरेशननंतर पोटात आतून चिवट व्रण धरतात, आतडी एकमेकांना चिकटतात — कुणाला सांगते? मी तीस वर्षं तीच सोडवतोय! म्हणे पोट शिवण्याआधी आत एक जेल लावायचं. त्यातलं जनुक पेशींत शिरतं, काही दिवस व्रण धरूच देत नाही. माणसांवर वापरायच्या परवानगीआधी बाहेरच्या सर्जनने तपासायला हवं. "सर, उंदरांची पोटं उघडून आतडी किती चिकटलीत त्याचे फक्त गुण द्या. जेल कुणाला दिलंय ते सांगणार नाही."
हो म्हटलं. आपटू दे एकदाची तोंडावर.

४ मार्च
बायकोला सांगितलं, हसेल म्हणून. पोटावर गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती. "किती उंदीर?" एवढंच. गणिताच्या बाई!

९ मार्च
चोवीस. प्रयोगशाळा कसली, फिनेलच्या वासाची अडगळ! बारा पोटं नेहमीसारखी, आतडी गच्च चिकटलेली. बारा साफ. शून्य लिहावं लागलं — बारा वेळा! सरळ म्हटलं, "यांना तू कापलंच नाहीस. लबाडी तरी धड कर." तिने चिमट्याने आतले टाके दाखवले. सगळ्यांना होते.
उंदरांचं काय कौतुक!

१२ एप्रिल
बायकोचं पोट पुन्हा धरलं. हिरव्या उलट्या, सलाईन. अपेंडिक्स मीच काढलं होतं, नंतर चिकटलेली आतडी दोनदा मीच सोडवली. दुसऱ्याकडे कसं देणार? गावात हात आहे कुणाला!
"दर वेळी सोडवता. दर वेळी धरतं," म्हणाली.
"तुझा पिंडच तसा," म्हटलं.

१७ जुलै
चष्मेवालीला परवानगी मिळाली. कोण मूर्ख पोट पुढे करतंय, बघू.

२ ऑगस्ट
ऑपरेशनच्या यादीत पहिलं नाव बायकोचं. जेलच्या चाचणीच्या फॉर्मवर तिची सही दोन आठवड्यांपूर्वीची. सर्जन दुसराच. धावत वॉर्डात गेलो. "मला का नाही सांगितलंस?"
"बारा पोटं साफ निघाली, हे मला तुमच्या चष्मेवालीकडून कळलं. तुम्ही घरी येऊन जेवलात आणि झोपलात."
आत नेलंय. नर्स म्हणाली, "सर, नातेवाईक बाहेर."