हुकूम ऐकलेला माणूस

प्रिय हेस्टर,

चर्चच्या दारात मला पाहून तू रस्ता बदलतेस, ते मला कळतं. मी परतलो आणि तुझा भाऊ परतला नाही. तुझ्या जागी मीही तेच केलं असतं. तरी एवढं वाच.

आमची ब्रिगेड म्हणायला घोडदळ. शेतावरची घोडी घेऊन भरती झालेली आम्ही पोरं. तुर्कांशी लढायला गॅलिपोलीला नेताना घोडे इजिप्तमध्येच ठेवून घेतले. बोटीवर तुझा एमस कुरकुरत होता, "चालायचंच होतं तर बाबांच्या मेंढ्यांमागे चाललो असतो की." ऑगस्टात आम्ही पायीच टेकडीवर चाल करून गेलो. तोफांनी झुडपं पेटली. माझी मांडी फुटलेली, आग सरकत जवळ येत होती. संध्याकाळी माघारीचा हुकूम आला. जखमींसाठी कुणी मागे फिरायचं नाही. एमस फिरला. मला पाठीवर घालून खंदकात आणलं. कप्तान त्याच्यावर ओरडला, "प्रुएट, हुकूम ऐकला नाहीस का?" "ऐकला, साहेब. पण अजून तिघं हाका मारताहेत," एवढंच म्हणाला आणि पुन्हा धुरात शिरला. नंतर तो कुणाला दिसला नाही.

आता मेजर फेनवुड ब्रिगेडचा इतिहास लिहिताहेत. काल माझ्याकडे आले. म्हणाले, "जेसी, तोफांच्या आवाजात त्याला हुकूम ऐकू आला नाही, एवढं सांग. शूरांच्या पानावर त्याचं नाव घेतो. हुकूम मोडणाऱ्याचं घेता येत नाही." मी म्हटलं, "साहेब, त्याचे कान माझ्यापेक्षा तिखट होते." चहासुद्धा विचारला नाही मी त्यांना.

म्हणजे एमस चुकून गेला म्हणायचं. तो समजून-उमजून गेला, हेस्टर, म्हणून मी आज जिवंत आहे. ते त्याच्याकडून काढून घ्यायचं आणि बदल्यात छापील ओळ द्यायची, हे मला मंजूर नाही. नाव नाही आलं तर न येवो.

गुरुवारी मेजर तुमच्याकडे येणार आहेत; 'असंच छापा' अशी विनंती तुझ्या बाबांकडून सहीनिशी घ्यायला. बाबा थकलेत, पोराच्या नावासाठी सही करून टाकतील. त्या दिवशी बाजाराला जाऊ नकोस. मेजर यायच्या आधी बाबांना हे सगळं सांग. तुला सांगणं जमलं नाही तर मला हाक मार. मी सकाळपासून कुबड्या घेऊन तुमच्या फाटकात उभा असेन, आणि मेजरसाहेबांना आत जायचं तर आधी मला बाजूला सारावं लागेल.

अजूनही तुझाच,
जेसी