दहा मिनिटांची पाळी

तीर्थरूप आईला थोरल्याचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? बाबा गोळ्या घेतात, की अजून खिडकीतून फेकतात?

सभागृहात युद्धावर मतदान झाल्याशिवाय धाकट्याची पलटण हलणार नाही, असं मी मागच्या पत्रात छातीठोकपणे लिहिलं होतं. काल तुझं पत्र आलं, तो मंगळवारीच सीमेपलीकडे गेला म्हणून. मतदान तर अजून व्हायचंय! मी खोटं बोललो नव्हतो गं, मला खरंच तसं वाटत होतं.

आम्ही लघुलेखक दहा-दहा मिनिटांच्या पाळीने भाषणं उतरवून घेतो. माझ्या पहिल्या पाळीत मंत्री म्हणाले, "हे युद्ध नाही, बंदोबस्त आहे. त्यासाठी सभागृहाला विचारावं लागत नाही." दुसऱ्या पाळीत विरोधक म्हणाले, "गोळी सुटली की युद्धच. आम्हाला विचारायलाच हवं." मला दोघांचंही पटलं आणि डोकं पार भंजाळलं. मोठ्या साहेबांना विचारलं, तर म्हणाले, "तू नुसतं लिही, समजून घ्यायला जाऊ नकोस."

धाकट्याला परत आणणं कोणाच्या हातात आहे, असं तू विचारलंस. म्हणून आज सगळ्यांच्या पाळ्यांची पानं लावून पहिल्यापासून वाचली. दोन्ही बाजू म्हणतात, अधिकार आमचाच. 'पोरांना परत बोलवा' असं मात्र एकाही पानावर नाही. कोणाच्या तरी हातून लिहायचं राहिलं असेल, म्हणून पुन्हा वाचतोय.

तुझा,
थोरला