व्याह्यांची भाकरी आणि आमचं पाणी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर

केसरबाईंना शिवराज मास्तरचा दंडवत. गुडघे कसे आहेत? आमच्याकडे सर्व खुशाल, असं रिवाजापुरतं लिहितो. खरं काय ते पुढं येईलच. (फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून हे पत्र.)

तुमचे धाकटे बंधू आणि आमचे व्याही बद्रीनाथराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पिशोरहून आले, ते कॅनमध्ये आपलं पाणी आणि गाठोड्यात आपल्या भाकऱ्या घेऊन. सोबत तुमच्या हातचा ठेचा. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा तुमचा रिवाज मला ठाऊक आहे. पण डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस माझ्याच सोफ्यावर बसून चाचपडत शिळी भाकरी मोडतो आणि आत दीपमाला त्यांच्यासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवते, हे बघवत नाही. बाप जेवत नाही म्हणून आमची सूनही कालपासून उपाशी आहे. आग्रह केला तर म्हणाले, "मास्तर, राग नका मानू. अक्कानं सांगितलंय. नाय म्हंजी नाय."

राग आलाच. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस रागावला की डिक्शनरी उघडतो. इंग्रजीत होस्ट म्हणजे पाहुण्याला जेवू घालणारा, आणि होस्ट म्हणजे चाल करून येणारी फौजही. (माझा आग्रह दुसऱ्या प्रकारचा होता, असं घरच्यांचं मत.) दोन्ही लॅटिनमधून आले, आणि फार मागं गेलं तर दोघांचं मूळ एकच निघतं: परका माणूस. त्याच मुळातून गेस्टही आला. परका दारात दिसला की ताट मांडायचं की काठी काढायची, हे त्या जुन्या लोकांनाही पटकन ठरवता आलं नसावं. पण वाढणारा आणि जेवणारा एकाच मुळाचे, हे काही मनातून जाईना. मी मात्र वाढणाराच व्हायचं, असं धरून बसलो होतो.

लोभ आहेच, नसता तर एवढी तक्रार केली नसती.

आपला,
शिवराज

ता. क. मुद्दा राहिलाच. बद्रीनाथराव तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. एक फोन करून त्यांना "जेव" म्हणा. दीपमालासाठी तरी.

आणखी ता. क. फोन करू नका. पत्र पाकिटात घालण्याआधी मी त्यांच्या शेजारी मांडी घातली आणि त्यांच्या गाठोड्यातली भाकरी मागितली. माणूस असा खुलला की ठेचा वाढताना हात आवरेना. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. (डॉक्टरांना सांगू नका.) दीपमालानं माझ्यासाठी तांब्या आणून ठेवला. त्यांचा कॅन रिकामा झाला होता. तांब्या आधी कोणी उचलला ते मी पाहिलं नाही, तुम्हीही विचारू नका. पोरगी आमच्यात येऊन पोटभर जेवली. ठेचा मात्र संपला, तेवढा पाठवून द्या.