पातळ पत्रे कोणी ठोकले

मी, गोपीनाथ पंढरी तांबट, राहणार कोपरी, ठाणे, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणावाचून हे मृत्युपत्र लिहवितो. छाती दुखते, पण डोके ठिकाणावर आहे. मला मुलगा नाही. मुलगी मंजुळा लहानपणीच विधवा होऊन माझ्याकडे असते. धाकू माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो रांगत होता. मी त्याला वाढवला, हातोडा धरायला शिकवला. त्याच सख्ख्या भावाने पंचांपुढे मला चोर ठरू दिले.

कलम पहिले. राहते घर, भट्टी व सगळी हत्यारे मंजुळेस. धाकूने त्यांवर हक्क सांगू नये.

कलम दुसरे, यंत्राविषयी. कल्याणच्या तबेल्यांतून आगगाडीने मुंबईस दूध जाते. तापवलेले दूध तसेच डब्यांत भरले की पोचेपर्यंत नासायचे. तबेलेवाले आनंदराव यांनी इलाज विचारला. मी तांब्याचे पातळ पत्रे उभे लावून चौकटीत आवळले, कडांना रबरी पट्टी बसवली. एका फटीत दूध, शेजारच्या फटीत विहिरीचे पाणी. दूध वरून खाली, पाणी खालून वर. दूध वाहता वाहताच गार झाले.

पण आमच्या धंद्यात माल तागडीत टाकून पारखतात. जड ते खानदानी. आनंदरावांनी यंत्रही तागडीत टाकले, ते हलके भरले, आणि मी त्यातले तांबे चोरले अशी बोंब उठली. पत्रा जाड असेल तर दुधाची ऊब पाण्यात जायला वेळ लागतो, म्हणून पातळच घालीन, हे मी काम घेतानाच सांगितले होते, धाकूच्या देखत. पंचांनी त्याला विचारले. तो म्हणाला, "मला नाय ठाव. दादा एकटाच ठोकायचा."

प्रत्येक पत्र्यावर समोरचा हातोडा त्याचा होता. बाकीच्या तबेल्यांचे काम त्यालाच मिळाले. तो पत्रे जाड घालतो. तागडी खूश, आणि दूध पूर्वीसारखेच नासते. मला जातीच्या पंक्तीत पान मांडत नाहीत. ते मी सोसले. धाकू माझ्याकडे न बघता बोलला, ते सोसवत नाही.

कलम तिसरे. पत्र्याला पन्हळी पाडायचा शिसवी साचा मंजुळेस. पोरी, पन्हळीने पातळ पत्रा ताठ राहतो आणि दूध घुसळत जाते, म्हणून त्यात आळस नको. पत्रे किती घालायचे ते ठरवताना पाणी वैशाखातले धर, माघातले नव्हे. नाहीतर उन्हाळ्यात गिऱ्हाईक दारात येऊन बसेल. फटीत कुंचला फिरला पाहिजे, साय चिकटते. यंत्र रोज खोलून धुवावे लागेल हे आधी सांग. ज्याला कंटाळा असेल त्याला साधा हंडा विक. कल्हई दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस.

कलम चौथे. आनंदराव समाचाराला आले तर पाणी द्यावे. बसा म्हणू नये.

कलम पाचवे. रीतीप्रमाणे मला अग्नी धाकूने द्यायचा. वकील म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये. म्हणून मी त्याला मुद्दाम काहीच ठेवलेले नाही, आणि साक्षीला बोलावले आहे. "पत्रे आम्ही दोघांनी ठोकले, आणि जाणूनबुजून पातळ ठोकले," एवढे शब्द खाली लिहून ठेवले आहेत. त्यापुढे त्याने निशाणी केली तर अग्नी त्याचा. नाही केली तर मंजुळेने द्यावा. "बाबा, लोक काय बोलतील," असे ती आत्ताच म्हणाली. लोकांचे बोलून झाले आहे.

तो निशाणी करील असे मला अजून वाटते. इतके होऊनही वाटते, याचाच राग येतो.

मुक्काम कोपरी, ठाणे. मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८११.

साक्ष: गुणाजी धर्मा म्हात्रे, कळवा. सही.

साक्ष: "पत्रे आम्ही दोघांनी ठोकले, आणि जाणूनबुजून पातळ ठोकले." धाकू पंढरी तांबट. निशाणी —

लिहिणार मधु वर्तक याची नोंद: धाकू तांबट यांस सर्व मजकूर वाचून दाखवला. त्यांनी टाक हाती घेतला. "दादा, हे केलं तर मलाबी पंक्तीतून उठवतील," असे म्हणून टाक ठेवला व ते गेले. त्यांच्या जागी साक्ष: सखुबाई, शेजारीण. निशाणी बांगडी.

मग गोपीनाथ यांनी स्वतःची निशाणी, हातोडा, केली आणि एक ओळ वाढवण्यास सांगितले: अग्नी मंजुळा देईल, आणि धाकूला निरोप पाठवू नये.