चक्कीवाल्यांचा किल्ला

मी, ताहिर इब्राहिम मुकादम, वय बहात्तर, मूळ गाव बाणकोट, हल्ली मुक्काम मनामा, बहरीन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचंही न ऐकता हे लिहून ठेवतो. कोणाचं ऐकायची सवय मला मुळातच नाही.

१. बाणकोटचं घर आणि बँकेतली शिल्लक यांचे तीन हिस्से करावेत; शरियतीप्रमाणे त्यातले दोन माझा एकुलता मुलगा नावेद याचे.

२. केकचे साचे आणि सुऱ्या हाशिमला. अवालीला तेल कंपनीच्या इंग्रज साहेबाच्या बंगल्यात आम्ही दोघे स्वयंपाकी होतो. माझ्या पुडिंगला तो पिठलं म्हणाला होता. आता स्वतः करून बघावं.

३. त्याच बंगल्यातल्या मेमसाहेबांनी दिलेलं, इंग्लंडातल्या त्यांच्या एल्डरवेल गावच्या किल्ल्याचं चित्र. मी तिथे कधी गेलो नाही. पण दुपारी बाहेर धूळ उठली, एसीची घरघर सुरू झाली, की झोपेत जातो. खंदकावर धुकं असतं आणि त्याला बाणकोटच्या खाडीचा वास येतो. चर्चमध्ये कबरींवर दगडाचे उमराव हात जोडून पडलेले असतात. मी आलो की कुशीवर वळून जागा देतात.

किल्ला आधी वॉल्ड्रन घराण्याचा. शेवटी मुलीच उरल्या, तोलामोलाचं स्थळ नाही म्हणून त्यांनी त्या घरातच ठेवल्या आणि घराणं बुडालं. मग आले किंबल. त्यांचा मूळपुरुष वॉल्ड्रनांचे गहू दळायचा! आज तेच खानदानी; मेमसाहेब त्यांच्यातल्याच. माझ्या स्वप्नात त्या पहिल्या किंबलच्या मखमली बाहीवर अजून पीठ असतं. मला तो फार आवडतो.

चित्र नावेदला. रोज बघावं.

४. तिसरा हिस्सा नात इक्राला. बाप हयात असताना नातीला वारसा नाही, म्हणून लिहून देतो. तिला फराजशी निकाह करायचा आहे. मुलगा गुणी, इथेच जवळ रिफा गावात एसी दुरुस्त करतो. पण घर दालद्यांचं, मासे मारणाऱ्यांचं. नावेद म्हणतो, "मुकादमांची पोरगी दालद्यांत? खलास, अब्बा, विषय संपला." अरे, मुकादम काय आभाळातून पडले? आमच्यात बापाच्या होकाराशिवाय मुलीचा निकाह लागत नाही. पोरगी ताटाकडे नुसती बघत बसते, मला घास उतरत नाही. नावेद, हट्ट सोड. मी मेल्यावर हे वाचून काय उपयोग? आजच वाच आणि खाली लिही.

साक्षीदार:
सदानंद केळुसकर, शेजारी (सही)
अब्दुल गनी परकार, गाववाले (सही)

मनामा, १४ नोव्हेंबर १९९६
ताहिर इब्राहिम मुकादम (सही)

वाचलं, अब्बा. शुक्रवारी नमाजनंतर फराजच्या घरी जाऊ. मला एकट्याला लाज वाटते, तुम्ही चला.
नावेद